वाचकांचे प्रश्न : न वापरलेला नायक कुठे सापडतो?

मागील अंकात या सदरासाठी कथा-कादंबरीतील नायकाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरत होती : तेच ते नायक वाचून वाचकही कंटाळला आहे आणि लिहून लेखकही. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ‘नायक’ हा शब्द नायिकेलाही धरून वापरला आहे. व्याकरणाचा पक्षपात वाचकांनी पोटात घालावा.

प्रश्न : गेल्या काही वर्षांत मी वीसेक कथा लिहिल्या. परवा त्या ओळीने वाचून काढल्या, तेव्हा लक्षात आले की सगळ्या कथांचा नायक एकच गृहस्थ आहे. संवेदनशील, एकाकी, मितभाषी, खिडकीशी उभा राहून विचार करणारा. कधी तो प्राध्यापक असतो, कधी चित्रकार, कधी नोकरी गेलेला अभियंता. पण आतून तोच. अगदी नव्या प्रकारचा नायक कसा घडवावा?

उत्तर : खिडकीशी उभा राहणारा हा गृहस्थ माझ्याही चांगल्या ओळखीचा आहे, माझ्या सुरुवातीच्या कथांत तो बराच काळ मुक्कामाला होता. तो लेखकाला सोयीचा असतो, कारण तो पाहतो आणि लेखकही पाहतच असतो, त्यामुळे दोघांपैकी कोणालाही काही ठरवावे लागत नाही. आपण त्याचा व्यवसाय तीनदा बदललात आणि तरी तो तोच राहिला, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. माझी अडचण आपल्या प्रश्नातील ‘प्रकार’ या शब्दाशी आहे.

आपल्याकडे पात्रांची वर्गवारी फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकांचे चार प्रकार सांगितले आहेत : धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. चौघेही ‘धीर’ आहेत, म्हणजे स्थिर आहेत; उरलेला फरक स्वभावाचा आहे आणि तो नाटक सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. धीरोदात्त नायक पहिल्या अंकात उदात्त असतो आणि शेवटच्या अंकातही. नायिकांची प्रसिद्ध अष्टविध वर्गवारी मात्र वेगळ्या पायावर उभी आहे. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका या आठ स्त्रियांचे स्वभाव आठ नाहीत. त्या आठ अवस्था आहेत. एकच स्त्री संध्याकाळी सजून वाट पाहणारी वासकसज्जा असेल, मध्यरात्री फसलेली विप्रलब्धा होईल आणि सकाळी प्रियकर दुसरीकडच्या खुणा अंगावर घेऊन आला की खंडिता होईल. कथा म्हणतात ती याच सरकण्याला.

या वर्गवारीत एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे प्रत्येक अवस्था प्रियकराच्या संदर्भातच मोजलेली आहे. ती उणीवच आज लेखकाच्या उपयोगाची आहे. अवस्था तशीच ठेवा आणि प्रियकर काढून तेथे दुसरे काही ठेवून पाहा. वासकसज्जा म्हणजे नटूनथटून, सर्व तयारी करून वाट पाहत बसलेली. आता एक बदली नट घ्या, जो रोज रात्री वेशभूषा करून, पूर्ण भूमिका तोंडपाठ ठेवून विंगेत बसतो आणि ज्याला मुख्य नट आजारी पडल्याखेरीज रंगमंचावर पाऊल टाकता येत नाही. त्याला रंगमंच हवा आहे, म्हणजेच दुसऱ्याचा ताप हवा आहे, आणि मुख्य नट तर त्याचा मित्र आहे. कलहांतरिता म्हणजे भांडून प्रियकराला घालवून दिलेली आणि आता पस्तावणारी. तिच्या जागी असा शिक्षक ठेवा ज्याने आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला रागाच्या भरात वर्गाबाहेर काढले आणि ज्याला आता उरलेल्या सुमार वर्गाला वर्षभर शिकवायचे आहे. विप्रलब्धा म्हणजे संकेतस्थळी जाऊन फसलेली. ‘संकेतस्थळ’ हा शब्द आज संगणकाच्या कामाला लागला आहे आणि तेथेही माणसे फसतातच, त्यामुळे या अवस्थेला उदाहरण आपले आपणच शोधावे.

तात्पर्याने नव्हे, तर एक व्यावहारिक कृती म्हणून सुचवतो : आपल्या त्या वीस कथांतील गृहस्थाला घालवू नका. त्याला खिडकीपासून उठवून एखाद्या अशा अवस्थेत बसवा जिच्यात स्वस्थ बसणे हाच निर्णय ठरतो. विंगेतल्या बदली नटाने, मित्राचा आवाज बसला आहे हे सर्वांच्या आधी ओळखले आणि तो गप्प राहिला, तर त्याचा मितभाषीपणा पहिल्यांदाच काही किंमत मागू लागेल.

प्रश्न : माझ्या नव्या कथेची नायिका न्यायालयात दुभाषी आहे. मराठी कथेत हा व्यवसाय मी फारसा पाहिलेला नाही. केवळ व्यवसाय नवा असणे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही, पण आपल्या हाती जे लागले आहे ते आपल्याला वाटते त्याहून मोठे आहे. व्यवसाय हा नायकाचा अंगरखा असतो, आणि बहुतेक कथांत तो पहिल्या परिच्छेदानंतर खुंटीला टांगून ठेवला जातो. म्हणून व्यवसाय निवडल्यावर एकच गोष्ट शोधायची : त्या कामात रोज करावी लागणारी अशी कोणती कृती आहे जी इतर कोणालाही विचित्र वाटेल आणि करणाऱ्याला मात्र ती विचित्र आहे याचा विसर पडला आहे?

दुभाष्याच्या बाबतीत ती कृती म्हणजे ‘मी’. साक्षीदार बोलतो तेव्हा दुभाषी ‘ते म्हणतात की त्यांनी दार उघडले’ असे सांगत नाही. कामाच्या रीतीप्रमाणे तिने प्रथमपुरुषात बोलायचे असते, ‘मी दार उघडले’. आणि तिला स्वतःला काही विचारायचे असेल, एखादा शब्द पुन्हा ऐकायचा असेल, तर ती स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषात करते : ‘दुभाषीची विनंती आहे की साक्षीदाराने शेवटचे वाक्य पुन्हा सांगावे.’ दिवसभर परक्यांसाठी ‘मी’ आणि स्वतःसाठी ‘दुभाषी’. अशी बाई संध्याकाळी घरी जाऊन कोणाशी भांडत असेल तर कोणत्या सर्वनामाने भांडेल, हा विचार आपण केला आहे का?

आता मराठी या प्रसंगात काय करते ते बारकाईने पाहा, कारण ही गंमत दुसऱ्या अनेक भाषांतील लेखकाला मिळणार नाही. साक्षीदार पुरुष आहे, दुभाषी स्त्री आहे आणि ती मराठीत बोलते आहे. ‘मी चाकू उचलला’, ‘मी दार उघडले’, ‘मी त्याला ढकलले’ ही वाक्ये पुरुषाने म्हटली काय किंवा स्त्रीने म्हटली काय, जशीच्या तशी राहतात, कारण भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुधा बोलणाऱ्याकडे पाहतच नाही. पण ‘मी घाबरलो’, ‘मी पळालो’, ‘मी रडलो’ येथे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. म्हणजे माणसाने दुसऱ्याला काय केले ते सांगताना दुभाषी आणि साक्षीदार एकमेकांत मिसळून जातात, आणि त्या माणसाला स्वतःला काय झाले ते सांगताना तिला पुरुष व्हावे लागते. भीती, पळणे, रडणे या ठिकाणी सांधा दिसतो.

समजा, आपली नायिका चौदा वर्षे बिनचूक ‘घाबरलो’ म्हणत आली आहे. एका दुपारी साक्षीदार काही सांगतो आणि तिच्या तोंडून ‘मी घाबरले’ निघून जाते. न्यायाधीश कागदावरून वर पाहत नाहीत. वकील पुढचा प्रश्न विचारतो. लघुलेखकाची बोटे मात्र क्षणभर थांबतात, कारण नोंदीत आता एक स्त्री आली आहे जी साक्षीदारांच्या यादीत नाही. चूक दुरुस्त करायची तर तिला ‘दुभाषी दुरुस्ती करू इच्छिते’ असे म्हणावे लागेल आणि मग सगळे तिच्याकडे पाहतील. न करावी तर नोंद चुकीची राहील. ती कशाला घाबरली होती हे वाचकाला कथेच्या शेवटापर्यंत कळले नाही तरी चालेल. एका प्रत्ययावर उभी राहणारी कथा लिहिणे अवघड आहे, हे कबूल. पण ही कथा दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाच्या माणसाची होऊ शकत नाही, आणि आपल्याला तपासायचे होते ते एवढेच.

प्रश्न : कृपया अजून न वापरलेल्या नायकांची यादी द्यावी. दहा दिलेत तरी पुरे.

उत्तर : यादी छापली की त्यातील दहाही नायक पुढील स्पर्धेत हजर होतात आणि वापरलेले ठरतात, हा अनुभव आहे. तरीही आपली अगदी निराशा नको म्हणून दोन माणसे देतो, त्यांतील दुसऱ्यापाशी थोडा वेळ थांबतो.

पहिली व्यक्ती आपत्कालीन दूरध्वनी घेणारी. तिला रोज अनेक कथांची सुरुवात ऐकू येते आणि शेवट एकाचाही कळत नाही. मदत दाराशी पोहोचली की फोन बंद होतो आणि पुढचा वाजतो. शेवट न कळण्याची सवय झालेल्या माणसाला स्वतःच्या घरातील गोष्टीचा शेवट समोर दिसू लागला तर तो काय करील, एवढे आपण ठरवावे.

दुसरी व्यक्ती हवामानाची निरीक्षक. आज पुष्कळ ठिकाणी यंत्रे स्वतःच नोंदी पाठवतात. पण जेथे माणूस नोंद घेतो तेथे त्याने ठरलेल्या वेळी उपकरणांपाशी असायचे असते, आणि त्या कामात शौर्याला वाव नसतो, फक्त न चुकण्याला असतो. पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि पाण्याची वक्र कड जेथे सर्वांत खाली असेल तेथला आकडा वाचायचा. किमान तापमापकात अल्कोहोलच्या आत एक बारीक कांडी असते. तापमान उतरताना द्रव तिला आपल्याबरोबर मागे ओढतो, चढताना तिला तेथेच सोडून पुढे जातो, आणि त्यामुळे रात्रीचा सर्वांत थंड क्षण सकाळपर्यंत तेथे पडून राहतो. आकडा लिहिल्यावर तापमापक तिरपा करून कांडी पुन्हा द्रवाच्या टोकाशी आणून ठेवायची. मगच नवा दिवस सुरू.

आता या बाईचा एक दिवस चुकू द्या. कारण मोठे नको. झोप लागली एवढे पुरे. दुसऱ्या सकाळी ती जाते तेव्हा पर्जन्यमापकात दोन दिवसांचे पाणी एकत्र झालेले असते आणि कांडी दोन रात्रींपैकी अधिक थंड रात्रीवर थांबलेली असते. चुकलेला दिवस उपकरणात आहे, परंतु तो त्यातला कोणता हे उपकरण सांगत नाही. तिच्यापुढे तीन वाटा आहेत : कालची जागा कोरी ठेवून आजच्या आकड्याशेजारी तो दोन दिवसांचा असल्याचे लिहिणे, जे प्रामाणिक आहे, पाणी अंदाजाने दोन दिवसांत वाटून टाकणे, जे कोणाला कळणार नाही, किंवा सगळे पाणी आजच्या नावावर टाकणे, ज्यामुळे जो दिवस कोणी अनुभवलाच नाही असा मुसळधार दिवस कायमचा इतिहासात जाईल. हजारो खऱ्या आकड्यांत एक खोटा आकडा लिहिणारी ही स्त्री मला खुन्यापेक्षा अधिक उत्कंठेची नायिका वाटते. खुन्याला निदान शोधणारा असतो.

प्रश्न : माझ्या नायकाला विस्मृतीचा एखादा विकार द्यावा असे मनात आहे. विकारामुळे नायक आपोआप वेगळा होतो, असे मला वाटते.

उत्तर : विस्मृती फार वापरली गेली आहे, आणि तिचा खरा उपयोग बहुतेक वेळा लेखकालाच होतो : जे सांगायचे नाही ते नायक विसरलेला असतो. विकार म्हणजे स्वभाव नव्हे, आणि तो माणूस विकार असताना काय करतो हे दाखवले नाही तर वाचकाच्या हाती केवळ निदान पडते.

तरीही आपली ओढ सर्वस्वी चुकीची नाही. मेंदूच्या काही वेगळेपणांमुळे लेखकाला नवी भाषा वापरावी लागते, आणि तेथे काही घडू शकते. काही माणसांना मनाच्या डोळ्यापुढे चित्र आणताच येत नाही. डोळे मिटून सफरचंद आठवा म्हटले तर त्यांना सफरचंदाविषयी सगळे ठाऊक असते, पण दिसत काही नाही. या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव अॅडम झेमन या मेंदुवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दिले. तो आजार मानला जात नाही, आणि पुष्कळांना आपण इतरांहून वेगळे आहोत हे मोठेपणीच समजते, कारण इतर लोक ‘दिसते’ म्हणतात ते केवळ बोलण्याची पद्धत म्हणून, असा त्यांचा समज असतो.

अशा निवेदकाची कथा प्रथमपुरुषात लिहायला घ्या म्हणजे मराठी आपल्याला किती ठिकाणी अडवते ते कळेल. ‘तिचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहिला’ हे वाक्य बंद. ‘तो प्रसंग आजही डोळ्यांपुढे येतो’ बंद. ‘चित्र स्पष्ट झाले’, ‘स्वप्ने रंगवली’, ‘कल्पनाचित्र’ ही सगळी तयार नाणी गल्ल्यातून काढून ठेवावी लागतील. मग त्याला गेलेली आई कशी आठवेल? कदाचित तिच्या वाक्यांच्या क्रमाने, जिन्यावरच्या पावलांच्या अंतराने, तिला माहीत असलेल्या गोष्टींच्या यादीने. आईचे छायाचित्र हरवणे ही दुसऱ्या मुलासाठी हळहळ असेल, याच्यासाठी ते दुसऱ्यांदा मरण असेल. विकार किंवा वेगळेपण निवडायचे तर असे निवडावे की ज्यामुळे आपल्या लेखणीला सवयीची शंभर वाक्ये सोडावी लागतील. आणि लिहून झाल्यावर ती स्थिती असलेल्या दोघा-तिघांकडून हस्तलिखित वाचून घ्यावे. त्यांना राग आला तर तो टिपून ठेवावा, वाद घालू नये.

प्रश्न : नायक म्हणून एक व्यक्ती न घेता सगळा गट घ्यावा, असा प्रयोग करतो आहे. निवेदन ‘आम्ही’मधून आहे. मित्र म्हणतात, वाचक कोणाला धरून राहणार?

उत्तर : मित्रांची शंका रास्त आहे, पण मराठी लेखकाने ‘आम्ही’ला घाबरण्याचे कारण नाही, कारण त्याच्या खिशात दोन नाणी आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघालो’ यांतील अंतर ज्या भाषांत एकाच शब्दाने भागवावे लागते, तेथील लेखकाला हे अंतर मिळवण्यासाठी पाने खर्चावी लागतात.

म्हणून गट हा नायक असेल तर ‘या गटात कोण आहे’ हा प्रश्नच कथेचे कथानक होऊ शकतो. रात्रपाळीवर एकत्र काम करणारे सात जण घ्या. पहिल्या पानावर ‘आम्ही सात जण’ आहेत. मध्ये कोठेतरी ‘आमच्यातला एक’ असा उल्लेख येतो, पुढे त्याला नाव मिळते, आणि ज्याला नाव मिळाले तो ‘आम्ही’तून बाहेर पडू लागला आहे हे चाणाक्ष वाचक ओळखतो. गटाने काही लपवले असेल तर शेवटाकडे निवेदक एकदाच, अगदी सहज, वाचकाला ‘आपण तेव्हा गप्प बसलो’ असे म्हणू शकतो. त्या एका सर्वनामाने वाचक आठवा माणूस होतो. ही चाल कथेत दोनदा खेळू नये.

प्रश्न : प्राणी किंवा निर्जीव वस्तू नायक म्हणून चालेल का?

उत्तर : चालेल, पण शाळेतील ‘मी फाटके पुस्तक बोलतोय’ या निबंधाची सावली त्यावर पडलेली असते, हे विसरू नये. त्या निबंधातील पुस्तकाला माणसासारखेच सगळे समजते, आणि म्हणूनच ते कंटाळवाणे असते. टॉलस्टॉयने 1886 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घकथेत घोडा निवेदन करतो, आणि पुढे रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने 1917 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात परिचिताला अपरिचित करून दाखवण्याचे उदाहरण म्हणून नेमकी तीच कथा घेतली. त्या घोड्याचे वैशिष्ट्य त्याच्या चार पायांत नाही. ‘माझा’ हा शब्द त्याला उमगत नाही, यात आहे. माणसे जमिनीला, हवेला, दुसऱ्या माणसांना ‘माझे’ म्हणतात आणि त्याप्रमाणे वागतात, हे त्याला कळत नाही. आपल्या प्राण्याला किंवा वस्तूला काय समजत नाही, ते आधी ठरवा. सगळेच समजत असेल तर माणूसच घ्या.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन ठिकाणांहून हस्तलिखित परत आले. वाचक तिच्यात रमणार नाहीत, असे कळवले गेले.

उत्तर : आपण सोबत पाठवलेली पहिली तीस पाने वाचली. भाषा सुंदर आहे. त्या पानांतील क्रियापदांखाली मी पेन्सिलने रेघा ओढत गेलो, आणि नायिकेची जवळजवळ सगळी क्रियापदे भूतकाळात निघाली : तिने पाहिले होते, सोसले होते, सोडले होते. वृद्ध पात्र कथेत आले की लेखक त्याची आठवणींची पेटी करतो, आणि पेटीत वाचक रमत नाही; तो ती उघडतो आणि मिटतो. नकार देणाऱ्यांनी वयाला दोष दिला, तो मला चुकीचा वाटतो.

तिला भविष्यकाळी क्रियापदे द्या. एक कल्पना सुचवतो, ती घेतलीच पाहिजे असे नाही. बुद्धिबळाचा डाव पत्राने खेळण्याची जुनी पद्धत आहे. एक खेळी पोहोचायला कित्येक दिवस लागतात आणि डाव वर्षानुवर्षे चालू शकतो. आपली नायिका असा एक डाव नुकताच हरली आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने सौजन्याने विचारले आहे, नवा मांडायचा का? हो म्हणणे म्हणजे आपण तो संपेपर्यंत असू असे म्हणणे, आणि नाही म्हणणे म्हणजे उलट म्हणणे. शिवाय दीर्घ बचाव खेळण्याची आयुष्यभराची तिची शैली आता परवडणारी नाही; तिला एक्याऐंशीव्या वर्षी आक्रमक खेळाडू व्हायला हवे. सगळ्या आठवणी आपण नंतर यात सावकाश आणू शकाल, कारण तेव्हा त्या कशाच्या तरी आड येत असतील.

प्रश्न : प्रसिद्ध कथेतील दुय्यम पात्राला नायक करून लिहिणे ही पळवाट नव्हे का?

उत्तर : पुष्कळदा असते; मूळ कथेची पुण्याई फुकट वापरायला मिळते. पण दुय्यम पात्रांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शर्विलक नायकाच्या, म्हणजे चारुदत्ताच्या, घराला भोक पाडतो तो प्रवेश आठवा. भिंत पक्क्या विटांची, म्हणून कोणत्या आकाराचे भोक पाडावे याचा तो शास्त्रोक्त विचार करतो, कमळ, सूर्य, चंद्रकोर असे पर्याय चाळून अखेर पूर्णकुंभाचा आकार निवडतो, आणि सकाळी लोक ते पाहून काय म्हणतील याचीही त्याला फिकीर आहे. मोजायची दोरी विसरली म्हणून तो गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. चोरी तो करतो आहे आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी, आणि त्याला ठाऊक नाही की हाती लागणारे दागिने तिच्याच मालकिणीचे आहेत. मुख्य नायकाला अशी मोकळीक मिळाली नसती; त्याला नाटकाचा भार वाहायचा होता. आपल्या स्वतःच्या जुन्या कथांतील दुय्यम पात्रे काढून पाहा. ज्याच्यावर आपण जबाबदारी टाकली नव्हती असा एखादा शर्विलक तेथे मिळण्याचा संभव बराच आहे, आणि त्याच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : आपल्या अनुभवाबाहेरच्या कामाचा माणूस नायक करायचा तर माहिती कशी जमवावी? आणि नायकाचे वेगळेपण सुरुवातीलाच सांगावे का?

उत्तर : ते काम करणाऱ्या माणसाला ‘तुमच्या कामाविषयी सांगा’ असे विचारू नका, तो समारंभात बोलल्यासारखे बोलेल. त्याऐवजी विचारा, अशी कोणती चूक आहे जी फक्त तुमच्या सहकाऱ्यालाच दिसेल? आणि काम नसते तेव्हा हात काय करतात? पहिल्या उत्तरात कथानक असते, दुसऱ्यात माणूस. जमवलेल्या माहितीपैकी फार थोडी वापरायची असते, आणि जी वापरायची ती नायकाला नवी वाटता कामा नये. स्वतःच्या अवजारांचे वर्णन कोणी मनातल्या मनात करत नाही.

वेगळेपण सुरुवातीला सांगू नये. वर हवामान निरीक्षकेचा उल्लेख केला आहे. तिची कथा मी लिहिली असती तर ‘ती एका वेधशाळेत निरीक्षक होती’ असे कोठेही लिहिले नसते. पहाट झाली आहे, गवत ओले आहे, आणि एक बाई हातातला काचेचा पेला डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत गुडघ्यांत वाकते आहे. ती आकडा पाहते, मान हलवते, पुन्हा पाहते. पेल्यात एका दिवसाच्या मानाने पाणी जास्त आहे.